लोखंडाच्या राजाची कबर: त्या ‘पंधरा मिनिटां’वर जाऊ नका

वेल्समधल्या मर्थर टिडफिल गावच्या कव्हार्थ्वा कॅसलपासून रॉबर्ट क्रॉशे या ‘लोहराजा’ची व्हेनॉरमधली कबर चालत पंधरा मिनिटांवर, असं ज्यानं लिहून ठेवलंय त्यानं ती वाट स्वतः तुडवलेली नाही. सरळ रेषेतच अंतर तीन किलोमीटरच्या आसपास भरतं आणि मध्ये टाफ व्हेखन नदीची घळ आडवी येते. आधी उतरा, मग चढा. अजून पोटऱ्या दुखतायत, तेव्हा सूर थोडा तिखट लागला तर चालवून घ्या.

कार्डिफहून मर्थर टिडफिलला लोकल तासाभरात पोचते. आम्हाला बघायचं होतं रॉबर्ट थॉम्पसन क्रॉशे (१८१७–१८७९) या कारखानदाराचं गाव. पणजोबा रिचर्ड लंडनमधला लोखंडाचा व्यापारी. त्यानं मर्थरचा कारखाना ताब्यात घेतला आणि पुढच्या पिढ्यांनी तो वाढवत नेला. रॉबर्टला लोक ‘लोहराजा’ म्हणत.

त्याच्या वडिलांनी १८२५ च्या सुमारास तीस हजार पाउंड खर्चून कॅसल बांधला. नाव कॅसल, पण लढाईशी संबंध शून्य. खिडकीतून समोर आपल्याच भट्ट्या धगधगताना दिसाव्यात अशी जागा निवडलेली. १८३१ मध्ये याच वडिलांनी मजुरी कापली, गावात दंगल पेटली, सैनिकांच्या गोळीबारात कमीत कमी सोळा माणसं मेली. डिक पेंडेरिन नावाच्या तरुण मजुराला ऑगस्टमध्ये कार्डिफला फासावर चढवलं. रॉबर्ट तेव्हा चौदा वर्षांचा होता. कॅसलमध्ये आता संग्रहालय आहे. सगळ्या दालनांत रेंगाळू नका, रॉबर्टनं काढलेल्या फोटोंसाठी मात्र वेळ ठेवा. १८६० च्या पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्याला जवळजवळ ऐकू येईनासं झालं, तेव्हा हा गडी कॅमेऱ्यात बुडाला. थोरली मुलगी रोझ हॅरिएट हीच त्याची हुकमी मॉडेल. कधी मासेवालीच्या वेशात, कधी आणखी कसल्या. त्या काळात कॅमेऱ्यातल्या काचेच्या प्लेटवर पुरेसा प्रकाश पडेस्तोवर हलायचं नाही. पोरीच्या चेहऱ्यावरचा कंटाळा दीडशे वर्षांनंतरही स्पष्ट वाचता येतो.

बायको रोझ मेरी वेगळ्याच मातीची. गावात मोफत वाचनालयं काढली, १८७१ मध्ये शाळा मंडळावर निवडून आली. नवरा मजुरांच्या युनियनशी भांडत होता ते हेच दशक.

आता वाट. केव्हन कोइडचा रेल्वे पूल (१८६६, पंधरा कमानी) दिसेपर्यंत सगळं सोपं. पूल वळणदार का आहे? क्रॉशेला आपल्या जमिनीतून रूळ नको होते, म्हणून रेल्वेनं वळसा घातला असं सांगतात. पुढे घळीत उतरलं की खरा त्रास. पावसानंतर तिथली माती साबणासारखी होते, झाडांची मुळं बुटाखाली सटकतात आणि मोबाइलला रेंज नाही. मेहुणा दोनदा बसता बसता वाचला. “दाजी, याला पंधरा मिनिटं कोण म्हणालं, त्याचा पत्ता द्या,” म्हणाला. पाँटसार्नच्या रेल्वे पुलाच्या कमानींखालून वर आलात की गल्लीवजा रस्ता. फुटपाथ नाही, दोन्हीकडे कुंपण, गाड्या वळणावरून सुसाट येतात. उजळ रंगाचं जाकीट घाला आणि अंधार पडायच्या आत परता. लहान मुलं बरोबर असतील तर ही वाट नकोच.

टॅक्सीनं गेलात तर आधी भाव ठरवा. परतताना आम्हाला मिळालेल्या चालकानं मीटर टाकलं नाही आणि ‘वेटिंग’च्या नावाखाली जवळजवळ दुप्पट पैसे घेतले. परतीची गाडी मर्थरमधूनच ठरवून या, व्हेनॉरला उभं राहून शोधू नका.

कबर मात्र सोडू नका. चर्चच्या आवारात लोखंडी कठड्यात आडवी पडलेली सुमारे दहा टनांची शिळा, खाली नाव आणि इंग्रजीत तीनच शब्द: ‘God forgive me’, म्हणजे ‘देवा, मला क्षमा कर’. लोक याची गोष्ट करतात की मुलीला छळलं म्हणून, कुणी म्हणतं मजुरांना छळलं म्हणून. मला मजुरांचं कारण जास्त पटतं. शेजारच्या डाउलेस कारखान्यानं बेसेमर पद्धत (वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून पोलाद करायची) घेऊन १८६५ मध्ये पोलाद बनवायला सुरुवात केली. रॉबर्ट जुन्या घडीव लोखंडालाच चिकटून राहिला. युनियनपुढे झुकायचं नाही म्हणून १८७४ मध्ये कारखाना बंद केला, तो त्याच्या हयातीत पुन्हा नीट चालला नाही. हजारो घरांची चूल त्या भट्ट्यांवर होती. त्याच्या पोरांनी मग पोलादाची वाट धरली, पण बाप गेल्यावर.

भट्ट्यांचे अवशेष आम्ही बाहेरूनच पाहिले. जवळचा १७९३ चा पाँट-अ-कव्हनाई हा लोखंडी पूल दोन मिनिटांत बघून होतो, बघाच. पँटहून सुटणारी छोटी वाफेची गाडी छान आहे, एवढंच.

क्रम असा ठेवा: सकाळी आधी टॅक्सीनं व्हेनॉर, मग घळीतून खाली उतरत कॅसल. मोठा चढ टळतो, दुपारी कॅसलमध्ये पाय पसरायला जागा मिळते. बूट घोट्यापर्यंतचे घ्या. स्पोर्ट्स शूज नकोत, माझे अजून बाल्कनीत वाळतायत.