मोझेलच्या काठावर वाईन हुंगताना

वाईनच्या बाटलीवर मागे लिहिलेलं असतं: पीच, लिंबाची साल, ओला दगड. भारतातून येणारे पाहुणे ते वाचतात आणि मला हळूच विचारतात, "हे सगळं खरंच जाणवतं का गं, की उगाच आपलं?" जर्मनीत, मोझेल नदीकाठच्या ट्रिअरला राहायला आल्यापासून माझं उत्तर ठाम आहे. जाणवतं. आणि बऱ्याच वासांमागे पक्कं रसायनशास्त्र आहे.

गेवुर्ट्सट्रामिनर नावाच्या पांढऱ्या वाईनला लिची आणि गुलाबाचा वास येतो. लिचीत, गुलाबात आणि या द्राक्षात रोझ ऑक्साइड हे एकच सुगंधी द्रव्य असतं, मग वास वेगळा येईल कसा? शिराझ या रेड वाईनमधल्या मिरीच्या वासाचंही तेच. काळ्या मिरीला तिचा वास देणारं रोटंडोन शिराझच्या द्राक्षातही असतं, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 साली दाखवून दिलं. तेव्हा नाशिकची शिराझ पिताना कुणाला मिरी जाणवली, तर त्याला शहाणपणा मिरवतोय असं म्हणू नका. गंमत म्हणजे साधारण पाचातल्या एका माणसाला रोटंडोनचा वास येतच नाही. एकाच टेबलावर दोघांचं पटलं नाही, तरी दोघंही खरं बोलत असू शकतात.

आमच्या मोझेल खोऱ्यात मात्र राज्य रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षाचं. नदी नागमोडी वळणं घेत जाते आणि दोन्ही बाजूंच्या उभ्या चढांवर द्राक्षवेली. ब्रेम गावाजवळचा कालमोंट हा मळा काही ठिकाणी 65 अंशांपर्यंत चढतो. तिथे ट्रॅक्टरचं काम नाही, बरीचशी मेहनत हातानेच. पायाखाली पाटीच्या दगडाच्या चिपा. हा दगड दिवसभर ऊन साठवतो आणि रात्री सोडतो, म्हणून इतक्या उत्तरेला, थंड हवेतही द्राक्ष पिकतं. नाशिकला तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. इथे सप्टेंबरअखेर सुरू होऊन ऑक्टोबरभर चालते. सावकाश पिकल्यामुळे द्राक्षात आंबटपणा टिकून राहतो, आणि मला विचाराल तर रीसलिंगचा जीव या आंबटपणातच आहे.

बेर्नकास्टेलजवळच्या एका तळघरात एका वयस्क बागाईतदारीणबाईंनी मला चव घ्यायला शिकवलं. पहिला घोट घेण्याआधीच म्हणाल्या, "नाक चिमटीत धरा." धरलं. जिभेवर फक्त आंबट आणि गोड, बाकी काही नाही. "आता सोडा." नाक सोडलं आणि घशामागून एकदम वास वर आला: हिरवं सफरचंद, लिंबाची साल, आणि त्याच्या पाठोपाठ नुकत्याच चिरलेल्या कैरीचा तो चीक असलेला, दात आंबवणारा वास. बाईंनी कैरी कधी पाहिली नव्हती. कैरी कशी असते ते मी सांगितलं, तर त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा हिस्सा नाकाचा असतो, हे त्या एका घोटात कळलं.

मग त्यांनी त्याच मळ्यातली बरीच जुनी श्पेटलेसं (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची वाईन) उघडली. रंग सोनेरी झालेला, वास मध आणि सुक्या जर्दाळूचा, आणि त्यावर चक्क पेट्रोल! वाईन बिघडलेली नव्हती. द्राक्षातल्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांपासून बाटलीत वर्षानुवर्षं हळूहळू टीडीएन नावाचं द्रव्य तयार होतं, त्याचा हा वास. द्राक्षाच्या घडांवर ऊन जास्त पडलं की तो वाढतो. काहींना तो नकोसा वाटतो. मला तो मधाबरोबर फार आवडतो.

ओल्या दगडाच्या वासाबद्दल मात्र सांभाळून बोलावं. पाटीच्या दगडाची चव मुळांतून पेल्यात उतरते, असं इथले लोक मनापासून सांगतात. भूगर्भशास्त्रज्ञांना ते मान्य नाही. दगड ऊब देतो, पाण्याचा निचरा करतो, आणि त्याने द्राक्ष बदलतं. मला एवढं कारण पुरेसं वाटतं.

गोड वाईन म्हणजे हलक्या दर्जाची, हा आपल्याकडचा समज मात्र सोडून द्यावा असं मला कळकळीने वाटतं. गोडसर काबिनेट या इथल्या हलक्याफुलक्या वाईनमध्ये लिटरला 40 ग्रॅमच्या आसपास साखर असू शकते, पण आंबटपणा इतका खणखणीत असतो की ती जिभेवर चिकटत नाही. आणि आपल्या जेवणाशी तिचं छान जमतं. जास्त अल्कोहोलने मिरचीचा जाळ वाढतो, साखरेने तो शमतो. माझ्या स्वयंपाकघरात मालवणी मसाल्याच्या कोंबडीबरोबर जड रेड वाईन कधीच उघडली जात नाही.

कुणी इकडून बाटली आणणार असेल, तर काबिनेट सांगा आणि लेबलावर अल्कोहोलचा आकडा बघायला लावा: 8–9 टक्के असेल तर गोडसर, 12 च्या आसपास असेल तर बहुतेक कोरडी, म्हणजे गोड नसलेली; जर्मनमध्ये ट्रोकन. 8 ते 10 अंश सेल्सिअसला थंड करा. बर्फासारखी गार केलीत तर वास गोठतो. आणि पेला एक तृतीयांशच भरा, वरची जागा वासासाठी लागते.