दोरा

वडील हरेगावच्या यात्रेला चालत जायचे. आम्ही दोघे भाऊ मोटारसायकलवरून जायचो आणि गर्दीत त्यांना शोधत फिरायचो. सापडायचे तेव्हा ते चर्चच्या मागे कुठल्या तरी झाडाखाली पाय लांब करून बसलेले असायचे. टाचेच्या फोडातून ओवलेला पांढरा दोरा तसाच लोंबत असायचा. आई चिडायची, "एवढ्या गाड्या जातात, कशाला जिवाचे हाल?" ते म्हणायचे, "गाडीनं माणूस नुसता पोचतो."

यंदा जानेवारीत ते गेले. सप्टेंबरात मी चाललो. भावाला विचारलंच नाही. दफनाला महिना व्हायच्या आत अडीच एकरावरून आमचं बोलणं बंद झालं होतं. तेव्हापासून रात्री दोन वाजता जाग यायची ती यायचीच. उठून पाणी प्यायचो आणि भावाला काय काय सुनवायचं याची उजळणी करत पडायचो.

ज्यांना हरेगाव माहीत नाही त्यांच्यासाठी: हे श्रीरामपूर तालुक्यातलं गाव. एकेकाळी इंग्रज कंपनीचा साखर कारखाना होता म्हणून नावाजलेलं, आता कारखाना बंद. तिथल्या संत तेरेजा चर्चमध्ये 1949 पासून मतमाउलीची, म्हणजे येशूच्या आईची, मरियेची यात्रा भरते. 8 सप्टेंबर हा पवित्र मरियेचा जन्मदिवस. त्याआधी नोव्हेना, म्हणजे ओळीनं नऊ प्रार्थना, आणि पुढच्या शनिवार-रविवारी यात्रा. नगर, नाशिक, संभाजीनगर, पुणे, मुंबई, सगळीकडून माणसं येतात. नवस बोललेले हिंदूही येतात, नारळ आणि मेणबत्त्यांची पुडकी घेऊन.

आमची पदयात्रा वडाळा बहिरोबाहून निघणारी, जेमतेम चाळीस जणांची. पुढे टेम्पोत फुलांनी सजवलेली माउली, तिच्यामागे टाळ, ढोलकी आणि आम्ही. वडाळ्याला माझी मावशी राहते. ती अमेरिकन मिशनऱ्यांनी उभ्या केलेल्या मंडळीतली, म्हणजे प्रॉटेस्टंट. तिला हे अजिबात मान्य नाही. पहाटे साडेचारला दारात उभी राहून म्हणाली, "प्रभू काय हरेगावलाच बसलाय का रे? हितं ऐकत न्हाई?" मग पदराखालून भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीची पुरचुंडी काढून हातात दिली. "पाय जप," एवढं म्हणून आत गेली.

माझ्या पिशवीत भाकरी, टॉवेल, जपमाळ आणि सातबाऱ्याची झेरॉक्स होती. सोमवारी परत येताना नेवाशाला उतरून वकिलाला भेटायचं असं ठरवूनच निघालो होतो. देवाला जाताना असला कागद कुणी बरोबर घेतं का? मी घेतला होता.

हमरस्ता सोडून नेवाशात शिरलो तेव्हा ऊन चढलं होतं. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते हे गाव. पैस खांबाच्या देवळाकडे जाणारी पाटी दिसली आणि आमच्यातल्या पोरांनी भजनाचा आवाज उगाच वाढवला. आमची भजनं अभंगाच्याच चालीवरची. ही वाट नारायण वामन टिळकांनी घालून दिली. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी पुढे नगर-राहुरी भागात राहिला, ख्रिस्ती कीर्तनं करत हिंडला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगायचे. आमची तर पुलाच्या दोन्ही टोकांना घरं आहेत, त्यामुळे आम्हाला ते वेगळं सांगावं लागत नाही.

पदयात्रेचा कारभार एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे होता. सगळे त्यांना मामाच म्हणायचे. वडिलांबरोबर कित्येक वर्षं चाललेले. त्यांचा एकच नियम: विसावा पंधरा मिनिटांचा, आणि विसाव्याला बूट काढायचे नाहीत. बूट काढले की पाय सुजतात, मग ते परत आत जात नाहीत. मी पहिल्याच दिवशी काढले. दुसऱ्या दिवशी टाकळीभानच्या अलीकडे टाचेला आग लागल्यासारखं झालं. पाटाच्या कडेला बसलो. मोजा ओला होता, घामानं की फोडाच्या पाण्यानं कुणास ठाऊक.

मामांनी खिशातून सुई काढली, काडीपेटीच्या जाळावर धरली, दोरा ओवला आणि फोडाच्या एका बाजूनं घालून दुसऱ्या बाजूनं काढला. दोन्हीकडे बोटभर दोरा सोडून तोडला. "ऱ्हाऊ दे तसाच. दोऱ्यानं पाणी उतरतं, कातडं निघत न्हाई." मग माझी पिशवी हातात धरून म्हणाले, "दोन दिस बघतोय, ही छातीशी धरून चालतोयस. काय सोनं हाय का?"

का कोण जाणे, सांगून टाकलं. कागदाचं, भावाचं, रात्री दोनला जाग येते त्याचं.

ते काही वेळ पाटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सकाळी बायबलातलं वाचलं ते ऐकलंस ना? अहो कष्टी व भाराक्रांत जनहो."

"ऐकलं. विसावा देईन."

"विसावा म्हणालाय. मुक्काम न्हाई म्हणाला. अन् लगेच पुढं काय म्हणतो? माझं जू घ्या, ते सोयीचं हाय. थकलेल्याला कुणी जू देतं का? मला लई वर्सं कळायचं न्हाई ते. फादरला इचारलं, त्यांनी सांगितलं पण मला न्हाई पटलं. मग एकदा सुताराकडं बसलो हुतो."

ते सांगत होते आणि मला आमच्या वाड्यातला सुतार दिसत होता. नवं जू करायचं तर तो आधी बैलाच्या मानेवरून हात फिरवायचा. खांदा किती रुंद, कुठं गाठ, मागच्या जखमेचा वण कुठं. मग रंधा मारायचा, पुन्हा मानेवर ठेवून बघायचा, पुन्हा काढून काचेच्या तुकड्यानं घासायचा. माप चुकलं की मोकळ्या गाडीलाही बैलाचा खांदा सुजतो. माप बरोबर असलं की तोच बैल भरला ऊस ओढतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला वडील हळद-तूप घेऊन बसायचे. एका बैलाचा खांदा माझ्याकडे, दुसऱ्याचा भावाकडे. बैलांची कातडी उन्हानं गरम असायची, मळताना थरथरायची.

"प्रभू सुताराच्याच घरचा," मामा म्हणाले. "सोयीचं जू म्हणजे काय, त्येला पक्कं ठावं असणार." मग उठता उठता, जणू सहज आठवलं म्हणून, म्हणाले, "अन् जू एका बैलाचं नसतंय."

पंधरा मिनिटं संपली होती. मी लंगडत उठलो. मन हलकं झालं, डोळे भरून आले, असलं काही झालं नाही. फक्त हरेगाव येईपर्यंत भावाशी मनातल्या मनात चाललेलं भांडण मला ऐकू आलं नाही. ते थांबलंय हेसुद्धा संध्याकाळी चर्चचा क्रॉस दिसल्यावर लक्षात आलं.

यात्रेचं फार सांगत नाही. रेटारेटी होती. वेदीजवळ मेणबत्त्यांची धग चेहऱ्यावर येत होती. मागचा माणूस माझ्या फोडावरच पाय देत होता. माउलीसमोर उभा राहिलो तेव्हा मनात एकच होतं, इथून बाहेर कसं पडायचं. कन्फेशनच्या रांगेत तासभर उभा राहिलो आणि आत गेल्यावर दोन वाक्यांत आटोपलं. मिस्सा झाली, भाषणं झाली, ती जरा जास्तच झाली. रात्री ताडपत्रीवर आडवा झालो. एका कानाशी भजन, दुसऱ्या कानाशी पाळण्यांचा भोंगा. त्या गदारोळात मी झोपलो तो थेट पहाटेच्या घंटेला उठलो.

सोमवारी एसटीत खिडकी मिळाली. पिशवी मांडीवर, पिशवीत सातबारा. टाकळीभान गेलेलं आठवतं. त्यानंतर कंडक्टरनं खांदा हलवला, "ओ पाव्हणं, फाटा आला, उठा." नेवासा केव्हाच मागं पडलं होतं.

फाट्यावर उतरून चहा घेतला. परतीच्या गाडीची चौकशी करायला म्हणून फोन काढला आणि भावाला लावला. दोन रिंग झाल्या. वाटलं, उचलणार नाही.

"पोचलास का?" त्यानं विचारलं. मी निघालोय हे त्याला आईनं सांगितलं असणार.

"आलो जाऊन."

"पाय?"

"डाव्या टाचेला फोड."

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाला, "दोरा ओवलास का?"