पळून काय होतंय, अक्का?

दरवर्षी थंडीत आमच्या भागात कॅन्सर संशोधनासाठी दौड असते आणि पावतीपुस्तक माझ्या गळ्यात पडतं. शाळेचे गणवेश शिवायचा माझा छोटा कारखाना आहे. कापडाचा एजंट, बटणवाला, धागेवाला, सगळ्यांशी रोजची देवाणघेवाण. त्यामुळे ‘वर्गणी तुम्हीच काढा’ हे ठरलेलंच.

पळण्याचं म्हणाल तर मी चालते. सोलापूरच्या पार्क चौकातून निघायचं, डफरीन चौक, रंगभवन, सात रस्ता करून परत. मी सात रस्त्याला पोचेपर्यंत पोरं परत जाऊन केळी खात बसलेली असतात.

माझी तक्रार पळण्याबद्दल नाहीच, टी-शर्टाबद्दल आहे. फीमधले बरेच पैसे त्यात आणि पदकात जातात. टॉवेल-चादरीच्या गावात पळणाऱ्याला पदक कशाला हो? एक टर्किश नॅपकीन द्या, घाम तरी पुसता येईल. या असल्या दौडींचा मूळपुरुष म्हणजे कॅनडाचा टेरी फॉक्स. हाडाच्या कॅन्सरमुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापला होता. १९८० साली कृत्रिम पायावर, देशातल्या माणशी एक डॉलर मागत, १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर पळाला. कॅन्सर फुप्फुसात गेला तेव्हा थांबला, आणि पुढच्या वर्षी बाविसाव्या वर्षी वारला. त्याच्या नावाच्या दौडीत आजही ठरलेली फी नसते, पहिला-दुसरा नंबर नसतो. हे मी मीटिंगमध्ये सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढचा विषय निघाला, यंदा टी-शर्टाचा रंग कुठला.

असो. खरा प्रश्न कारखान्यातल्या एका बाईनं विचारला. तिची आई अजून घरी विड्या वळते, ती माझ्याकडे काजं-बटणं करते. म्हणाली, “अक्का, पळून कॅन्सर जातंय काय ओ?” शेजारी कापडाचा एजंट चहा पीत बसला होता. तो म्हणाला, “पैसे मुंबईला जात असतील. नाहीतर अमेरिकेला. संशोधन आपल्याकडं कुठलं?”

त्याला म्हटलं, बार्शीला.

बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आपल्याला पेशंट घेऊन जायचं ठिकाण म्हणून माहीत. पण खेड्यापाड्यातल्या कॅन्सरची नोंद ठेवणारी देशातली पहिली ग्रामीण नोंदणी तिथंच, १९८७ साली सुरू झाली. शहरात दवाखान्याची रजिस्टरं चाळून आकडे मिळतात. इथं दवाखान्यापर्यंत येतंय कोण? म्हणून माणसंच गावोगाव फिरली, लोकांशी बोलली, कुणाच्या घरी काय दुखणं आहे ते विचारत राहिली.

त्यातूनच पुढचं मोठं काम उभं राहिलं. १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका. बार्शीचे डॉ. बी. एम. नेने, मुंबईचं टाटा मेमोरियल, फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था, सगळे यात होते. विषय गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. गावांचे चार गट पाडले. एका गटाची एचपीव्ही विषाणूची चाचणी, ज्याच्यामुळं हा कॅन्सर होतो त्याची; एकाची पॅप स्मिअर, म्हणजे तिथल्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं; एकात ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी बघणं, म्हणजे व्हिनेगरचाच प्रकार. चौथ्या गटाला तपासणी कुठं होते एवढीच माहिती. २००९ साली निकाल छापून आला. एचपीव्ही गटात ३४,१२६ बायका, त्यातल्या ३४ या कॅन्सरनं गेल्या. चौथ्या गटात ३१,४८८, त्यातल्या ६४ गेल्या. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीनं मरण जवळजवळ निम्म्यावर आलं. पुढं जगभर या चाचणीचा विषय निघाला की या अभ्यासाचं नाव येतं.

त्या ६४ जणी आठवल्या की मला मात्र काही सुचेनासं होतं. तुलनेला कुणीतरी लागतं, ते कळतं. तेव्हा गावात तशीही तपासणी नव्हती, हेही कळतं. यावर नंतर डॉक्टर लोकांतच वाद झाला. तरी वाटतं, त्यांच्यातल्या किती जणींना कळलं असेल की आपण कुठल्या गटात आहोत? उलट ज्या पहिल्या गटात होत्या, त्या सासूला, नवऱ्याला काय सांगून तपासणीला गेल्या असतील? त्यांच्या अंगावर हे ज्ञान मिळालंय. कुणी त्यांना पदक दिलेलं नाही.

हे सगळं मी एजंटाला सांगितलं. त्यानं पावती वाढवून घेतली, हे खरं. पण काजं-बटणंवालीनं वेगळंच विचारलं. “मग आपल्यातलं कोण केलंय ही तपासणी?”

मशिनी थांबल्या. कुणीच केली नव्हती. एवढ्या जवळ शोध लागलेला, आणि आमच्याकडं तिशीच्या वरच्या सगळ्या बायका कोऱ्या. घरी आत्याबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, “मला काय झालंय? दुखत तर नाही.” दुखायच्या आधीच जायचं असतं हे त्यांना समजवायला दोन भाकरी थापून होईपर्यंतचा वेळ लागला, आणि शेवटी त्यांनी विषय कालवणात मीठ कमी पडल्यावर नेला.

एप्रिलपासून शाळांच्या ऑर्डरी सुरू होतात, मग कुणाला मान वर करायला सवड नसते. म्हणून मार्चमध्ये एक दिवस कारखाना बंद ठेवून सगळ्यांनी तपासणीला जायचं ठरवलंय. नाही म्हणणाऱ्या दोघी होत्या. एकीला लाज वाटत होती, तिला तपासणारी लेडी डॉक्टरच असेल असं सांगितलं. दुसरी म्हणाली, “त्या दिवसाचा पगार कापणार का अक्का?”

नाही कापणार म्हटल्यावर तिनं आईचंही नाव लिहायला लावलं.