भिंती जाड होत्या म्हणूनच

गाव लातूरकडचं म्हटलं की पुण्यामुंबईची मंडळी हमखास विचारतात, "किल्लारीचा भूकंप 6.2 रिश्टरचाच होता ना? मग एवढी माणसं कशी गेली हो?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

30 सप्टेंबर 1993. पहाटेचे चार वाजायला काही मिनिटं कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा घरी येऊन पाठ टेकलेले. विसर्जनाच्या थकव्यामुळे लोक मेले, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. पहाटे चारला कुठलंही गाव झोपलेलंच असतं.

माणसं मारली ती घरांनी. आमच्याकडचं जुनं घर म्हणजे दोन-अडीच फुटांची दगडी भिंत. बाहेरून एक थर, आतून एक थर, मधे गोटे आणि चिखल. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. दर पावसाळ्याआधी त्यावर पांढरी माती टाकायची, म्हणजे गळत नाही. पिढ्यान्‌पिढ्या टाकत राहिल्यानं छपरावर टनावारी ओझं साठलेलं. उन्हाळ्यात आत गारवा असायचा, आणि जाड भिंत हीच घराची ऐपत. जमीन हलली तशा भिंती फुगून आत-बाहेर ढासळल्या आणि माती अंगावर आली. तिच्याखाली श्वास तरी कुठून घेणार? जिथं लाकडी खांबांवर माळवद पेललेलं होतं, तिथं भिंती पडूनही छत वरच राहिलं, अशी घरं होती. तुळया थेट भिंतीवर टेकलेल्यांचं काही खरं नव्हतं. सरकारी नोंदीत मृत जवळपास 8 हजार, इतर अंदाज 10 हजारांच्या घरात.

त्यातच भूकंपाचं केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हतं. 1967 चा कोयनेचा भूकंप याहून कमी नव्हता, तरी तिथं दोनशेच्या आत माणसं गेली. तिकडं वस्ती विरळ, छपरं हलकी. दख्खनचा हा भाग स्थिर समजला जायचा. 1992 साली किल्लारीला धक्के बसत होते, लोक घाबरलेही होते, पण मोठ्या भूकंपाची अपेक्षा कुणाला होती?

पुढं बावन्न गावं नव्या जागी वसवली. दगडी भिंतीत आरपार दगड घालून ती पक्की करता येते, हे इंजिनिअरांनी करून दाखवलं. पण ज्यांनी ढिगारे उपसले होते, त्यांना दगडाखाली निजायचंच नव्हतं. कित्येकजण धड घर असूनही वर्षानुवर्षं अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपले. पत्रा पडला तर डोकं फुटेल, जीव जाणार नाही, हा त्यांचा हिशोब होता.