परत क्लॅरिनेट: बोटांना जुनंच आठवतं त्याचं काय करायचं

आधीच सांगतो, मी क्लॅरिनेट काही क्लास लावून शिकलेलो नाही. मामांच्या गावाला, पारोळ्याला, एक बँड होता, त्यांच्याकडे नववी-दहावीच्या सुट्ट्यांमधे जाऊन बसायचो. ते लोक क्लारनेट म्हणायचे. नोटेशन वगैरे काही नाही, मास्तर वाजवणार, आपण त्यांची बोटं बघायची आणि मागून वाजवायचं, चुकलं की ते थांबायचे आणि नुसतं बघायचे, ओरडायचे नाहीत, त्यामुळे जास्तच भीती वाटायची. लग्नसराईत वरातीत मला मागच्या लाईनीत उभंही केलं होतं. पुढे कॉलेज, नोकरी, संसार, आणि वाद्य बँडचं होतं ते बँडकडेच राहिलं. आता अमळनेरला असतो, पंचेचाळिशी ओलांडलीय.

परत डोक्यात आलं ते कानबाईमुळे. आमच्या खान्देशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, घराघरात रोटांचा नैवेद्य, आणि सोमवारी सकाळी विसर्जनाची मिरवणूक. बँड लागतोच. पण त्या वर्षी बँड म्हणजे गाडीवर एक कॅसिओ, दोन ट्रम्पेट, ढोल आणि कर्णे, क्लॅरिनेट नावालाही नाही. मी बँडवाल्या नानांना विचारलं तर म्हणाले, क्लारनेटला मेहनत जास्त, पोरं ऑक्टोपॅडवर जातात, पैसे तेवढेच मिळतात. खरंय ते. पण कानबाईच्या गाण्यांत ती जी सुरावरून सूर घसरत जाण्याची जागा असते ना, ती कॅसिओवर येत नाही म्हणजे नाही.

नवी घ्यायची ऐपत नव्हती असं नाही पण धीर नव्हता, परत जमेल की नाही कुणाला माहीत. म्हणून सेकंडहँड बघायला लागलो. पहिली सापडली ती बंद पडलेल्या एका बँडची, काळ्या लाकडाची, जुनी, दिसायला एक नंबर, आणि मी ज्यावर शिकलो तशीच. तिच्यावर बारीक अक्षरात एच.पी. असं ठोकलेलं होतं. हे जुनी क्लॅरिनेट घेणाऱ्या प्रत्येकाने बघावं. एच.पी. म्हणजे हाय पिच. ब्रिटिशांच्या लष्करी बँडची पट्टी तेव्हा चढी असायची, ए सूर साधारण ४५२ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं, आणि आज आपण जी ४४० धरतो ती १९३९ च्या लंडनच्या परिषदेत ठरली. ४५२ आणि ४४० मधला फरक जवळजवळ अर्ध्या पट्टीचा पडतो, म्हणजे तुम्ही हार्मोनियमवर कुठलीही पट्टी धरा, क्लॅरिनेट दोन पट्ट्यांच्या मधेच लोंबकळणार. बॅरल, म्हणजे तोंडीखालचा छोटा तुकडा, ओढून लांबी वाढवली तर वरचे सूर उतरतात आणि खालचे त्या मानाने चढेच राहतात. सगळा बँड त्याच पट्टीचा असेल तर चालेल, कॅसिओसोबत अजिबात नाही. सोडून दिली.

दुसरी नाशिकच्या एका गृहस्थांकडे होती, त्यांचा मुलगा शिकायचा, मग बारावी आली आणि पेटी माळ्यावर गेली. जपानी कंपनीची, प्लॅस्टिक बॉडीची स्टुडंट मॉडेल. प्लॅस्टिक म्हटल्यावर लोक नाक मुरडतात पण खान्देशात मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, हवा कोरडी ठाक, अशा हवेत लाकडी क्लॅरिनेटला चीर जायची भीती असते. मला वाद्य सांभाळत बसायचं नव्हतं, वाजवायचं होतं.

तपासायची रीत सोपी आहे. वरचा भाग घ्या, सगळी भोकं बोटांनी बंद करा, खालचं तोंड तळहाताने दाबा आणि वरून हवा ओढून धरा. ओढ टिकली तर पॅड, म्हणजे चाव्यांखालच्या भोकं झाकणाऱ्या गाद्या, नीट बसतायत, लगेच सुटली तर कुठून तरी गळतंय. खालच्या भागाला हेच करताना करंगळीची चावीही दाबायला लागते, नाहीतर तिथलं पॅड मुळात उघडंच असतं आणि आपण उगाच वाद्याला नावं ठेवतो. माझ्या वेळी वरचा भाग मस्त टिकला, खालचा टिकला नाही. गृहस्थ भले होते, म्हणाले मला यातलं काही कळत नाही, तुम्ही सांगा कमी किती करू. पॅडचे पैसे कमी करून घेतले. जोडताना मात्र त्यांच्या हातून मीच काढून घेतली, वरच्या भागाची रिंग दाबून धरली नाही तर मधली जोडचावी वाकते, आणि ती एकदा वाकली की अर्धे सूर गेले.

धुळ्याला बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करणारे एक चाचा आहेत, त्यांच्याकडे घेऊन गेलो. चाचांनी सिगरेटच्या पातळ कागदाची पट्टी एकेका पॅडखाली सरकवली, चावी हलकी दाबली आणि कागद ओढून बघितला, जिथं सहज निघाला तिथं गळती. वरचे पॅड अजून चालतील म्हणाले, सगळे बदलायला लावणारे लोक असतात पण मी नाही लावत. खालचे जे गेले होते तेवढेच बदलले, चावी स्पिरिटच्या दिव्यावर जरा तापवून लाखेने पॅड बसवला, गार होईपर्यंत बोटाने धरून ठेवला. सांध्यावरचा कॉर्क सुकला होता, त्यावर ग्रीस लावून दिलं आणि म्हणाले, फारच ढिला झाला तर बँडवाल्यांसारखा दोरा गुंडाळ, लाजायचं काय त्यात.

आता खरी गोष्ट. मी शिकलो होतो ती अल्बर्ट सिस्टीम, म्हणजे चाव्या-भोकांची एक जुनी मांडणी, आपल्याकडच्या बँडमधे अजूनही दिसते. ही आणलेली बोएम सिस्टीम, जी एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधे क्लोझे आणि ब्यूफे यांनी बसवली आणि आज जगात बहुतेक ठिकाणी हीच चालते. पुस्तकं, व्हिडिओ, सगळं बोएमचं मिळतं म्हणून मी मुद्दाम हीच घेतली. बरीचशी बोटं सारखी आहेत. डाव्या हाताची तीन बोटं आणि अंगठा म्हणजे सा, दोन्हीकडे. पण त्याला उजव्या हाताचं पहिलं बोट जोडलं की अल्बर्टवर खालचा शुद्ध नी येतो, आणि बोएमवर कोमल नी. बोएमवर शुद्ध नी हवा असेल तर पहिलं बोट उचलायचं आणि मधलं ठेवायचं. वरच्या सप्तकात तीच बोटं म्हणजे प, आणि पहिलं बोट जोडलं की अल्बर्टवर तीव्र म, बोएमवर शुद्ध म.

वाचायला हे चार ओळींचं आहे. वाजवायला बसलो तेव्हा सरळ बिलावलमधली, म्हणजे सगळ्या शुद्ध सुरांची, चाल धरली की तिचा खमाज होऊन बसायचा, जिथं तिथं कोमल नी. मला माहीत होतं कुठलं बोट ठेवायचं, तोंडाने सांगता येत होतं, पण चाल चालू झाली की हात आपलाच जायचा. घरात बायको म्हणाली, कान तुमचा बिघडलाय का वाद्य? मी म्हटलं हात.

बरेच दिवस नुसतं सा नी सा, प म प असं संथ घोटलं, मोबाईलवर तानपुरा लावून. ते छान यायला लागलं. आणि पारोळ्याला शिकलेलं कुठलंही गाणं काढलं की परत तेच. मग लक्षात आलं की बोटं सूर शिकलेली नाहीत, ती चाल शिकलेली आहेत, गाणं सुरू झालं की गाण्यासकट जुनी बोटं येतात. म्हणून जुनी गाणी बंदच केली. जी मी अल्बर्टवर कधीच वाजवली नव्हती अशीच गाणी घेतली, अगदी पोराच्या मोबाईलवरची सुद्धा, आणि तिथं हात ऐकायला लागला. जुनी गाणी सगळ्यात शेवटी, आणि तीही सुरुवातीपासून नाही, मधूनच एखादी ओळ उचलून, म्हणजे हाताला ओळख पटायच्या आत ओळ संपते. कुणी अल्बर्टवरून बोएमवर येत असेल तर मी हेच सांगेन.

दुसरी अडचण मात्र दोन्हीकडे सारखीच. बासरी किंवा शहनाईवाल्यांना वाटतं की सा च्या बोटांनी जोरात फुंकलं की तार सा. क्लॅरिनेटची नळी आतून सारख्याच रुंदीची असते आणि एका बाजूने बंद असल्यासारखी वागते, त्यामुळे मागची अंगठ्याची चावी दाबली की सप्तक ओलांडून थेट तार प येतो. म्हणून मधली जागा वेगळ्या बोटांनी भरायला लागते, आणि ध वरून शुद्ध नी ला जाताना जवळजवळ मोकळ्या हातावरून एकदम सगळी भोकं बंद करायची, एक बोट जरी उशिरा पडलं तरी किंचाळी. यावर तोडगा जुना आहे, ध वाजवतानाच उजव्या हाताची बोटं आधीपासून खाली ठेवून द्यायची, ध ला फरक पडत नाही, उलट त्याचा पातळ आवाज जरा भरतो. मास्तर हे करायचे. मला तेव्हा वाटायचं की ते हाताला आराम देतात.

ओठ आणि दम याबद्दल फार लिहीत नाही, ते येतं हळूहळू. पत्ती, म्हणजे तोंडीवर बांधायची ती पातळ पट्टी, मात्र मऊ घ्या (नंबर मोठा तशी ती कडक), मी दीड नंबरने सुरू केलं आणि अजून दोनच्या पुढे गेलेलो नाही. अडीच-तीन वाजवतो म्हणून कुणी मेडल देत नाही. पत्ती ज्या वेतासारख्या गवताची असते ते दक्षिण फ्रान्समधे पिकतं आणि त्याला आमच्या मे महिन्याची काही कल्पना नाही, वाटीतल्या पाण्यातून काढून तोंडीवर बांधेपर्यंत टोक सुकून लाटेसारखं वाकतं. कूलर लावला तर पत्ती बरी राहते पण आपलंच वाजवलेलं आपल्याला ऐकू येत नाही. वर उन्हात हवा तापली की सूर चढतो, बॅरल केसभर ओढायला लागते. शेवटी मी पहाटे गच्चीवर बसायला लागलो. उजव्या अंगठ्यावर सगळं पाऊण किलो वजन येतं, तो दुखायला लागल्यावर गळ्यातला पट्टा घेतला, लगेच फरक पडला.

गमकासाठी, म्हणजे सूर हलवत-घसरवत नेण्यासाठी, मी ए. के. सी. नटराजन ऐकत असतो, कर्नाटक संगीतात क्लॅरिनेट मैफिलीला नेणारा माणूस, २००८ ला संगीत कलानिधी हा किताब आणि २०२२ ला पद्मश्री. तसं वाजवणं आपलं काम नाही, पण बोट भोकावरून उचलायचं नसतं, सरकवायचं असतं, हे त्यांचं ऐकून कानात बसलं.

यंदा कानबाईला नानांनी विचारलं, येतो का? आदल्या दिवशी कॅसिओवाल्या पोराशी बसलो. माझा सा म्हणजे हार्मोनियमची काळी पाच, त्याने पांढरी एक धरली होती, त्याला सांगितलं तसं त्याने ट्रान्सपोज दाबलं, काम झालं. मिरवणुकीत वाजवायची ती सगळी माझी जुनीच गाणी, आणि दोन-तीन ठिकाणी बोट जुन्या जागी गेलंच, पण ढोलात ते कुणाला कळलं असेल असं वाटत नाही. नानांना कळलं. फुगड्या चालल्या होत्या तेव्हा जवळ येऊन म्हणाले, "आते जमनं तुले. नी तेवढा पाह्य."

तुळशीचं लग्न झालं की सराई सुरू होते, त्यांनी बोलावलंय. मी हो म्हटलंय पण तालुक्याच्या बाहेर नाही आणि रात्री दहानंतर नाही. त्यांची जुनी अल्बर्ट तिथं पेटीत पडून आहे, वाजवून बघ म्हणाले, तिला मी हात लावलेला नाही, निदान ही सराई होईपर्यंत तरी लावणार नाही. त्याआधी धुळ्याला जाऊन वरचे पॅडही बदलून घ्यायचेत, चाचा नको म्हणतील तरी.