तुम्ही विचारलंत म्हणून: जीनोम वाचून झाला, मग अजून काय शोधता?

जनुकीय चाचण्यांच्या अहवालांचा अर्थ लावणे हे माझे काम आहे, असे सांगितले की समोरून हमखास एक प्रश्न येतो: मानवी जीनोम, म्हणजे आपल्या पेशीतील डीएनएचा चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला संपूर्ण मजकूर, तर २००३ सालीच पूर्ण वाचून झाला होता, मग तुम्ही लोक अजून शोधता तरी काय? प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणाऱ्यांपैकी काहींच्या हातात आपल्या मुलाचा अहवालही असतो, त्यामुळे त्याचे उत्तर जरा सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

आधी एक दुरुस्ती करायला हवी. २००३ साली जो जीनोम पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, त्याचा सुमारे आठ टक्के भाग वाचायचा राहिलाच होता. गुणसूत्रांचे सेंट्रोमिअर (आवळलेल्या जागा), त्यांची टोके आणि १३, १४, १५, २१ व २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या आखूड भुजा या भागांत तोच तो मजकूर थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येतो. एखाद्या दीर्घ गीतात ध्रुवपद शेकडो वेळा आले असेल आणि त्या गीताच्या कागदाचे बारीक तुकडे झाले असतील, तर ध्रुवपदाचा कोणता तुकडा कोणत्या कडव्यामागे लावायचा हे ठरवता येत नाही, तशीच ही अडचण होती. एका दमात हजारो, प्रसंगी लाखाहून अधिक अक्षरे सलग वाचणारी यंत्रे आली तेव्हा ती सुटली. द्राक्षगर्भातून (बाळ न घडता वाढलेल्या सदोष गर्भधारणेतून) मिळालेल्या एका पेशीवंशात गुणसूत्रांचे दोन्ही संच पित्याकडूनच आलेले आणि जवळजवळ एकसारखे होते, त्यामुळे जुळणी सोपी झाली. कॅरन मिगा आणि ॲडम फिलिपी यांच्या पुढाकाराने चाललेल्या गटाने या पेशींवरून मार्च २०२२ मध्ये सलग, विनाखंड जीनोम प्रसिद्ध केला आणि त्यात सुमारे २० कोटी नवी अक्षरे आली. त्या पेशींत नसलेले वाय गुणसूत्र ऑगस्ट २०२३ मध्ये दुसऱ्या व्यक्तीच्या पेशींवरून पूर्ण झाले.

या कामगिरीबद्दल मला मनापासून आदर आहे, परंतु माझ्या टेबलावर रोज जी कोडी येतात त्यांपैकी बहुतेक या आठ टक्क्यांतली नसतात. ती अशा जागांची असतात की जिथली अक्षरे कित्येक वर्षांपूर्वीच वाचून झालेली आहेत, पण ती काय करतात हे उमगलेले नाही. आपल्या सुमारे तीन अब्ज अक्षरांपैकी जेमतेम दीड टक्का अक्षरे प्रथिने घडवणाऱ्या वीस हजारांच्या आसपास जनुकांची आहेत, आणि आजार शोधताना आम्ही दीर्घकाळ प्रामुख्याने तेवढ्याच दीड टक्क्याकडे पाहत आलो.

याचा परिणाम काय होतो, हे आरएनयू४-२ या जनुकाने अगदी अलीकडे दाखवून दिले. हे जनुक अवघ्या १४० च्या आसपास अक्षरांचे आहे आणि त्यापासून प्रथिन बनत नाही. त्यापासून बनतो आरएनएचा एक छोटा रेणू. पेशीत जनुकाची आरएनए प्रत निघाल्यावर तिच्यातले अनावश्यक भाग कापून उरलेले भाग जोडणारी जी यंत्रणा असते, तिचा हा रेणू एक घटक आहे. तो शास्त्रज्ञांना अनेक दशकांपासून ठाऊक होता, त्याचे कामही ठाऊक होते. तरीही नेहमीच्या एक्झोम चाचणीत त्याचा समावेश नसे, कारण ती चाचणी प्रथिने घडवणाऱ्या भागांसाठीच रचलेली असते. आणि जिथे संपूर्ण जीनोम वाचला जाई तिथेही, विश्लेषणाच्या चाळणीतून प्रथिनांशी संबंध नसलेले बदल सहसा आधीच गळून जात. २०२४ मध्ये दोन गटांनी, ब्रिटनच्या एक लाख जीनोम प्रकल्पातील माहिती हाताशी घेऊन, एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवून दिले की या जनुकातील १८ अक्षरांच्या एका छोट्या पट्ट्यात झालेले बदल मेंदूच्या विकासात गंभीर अडथळा आणतात. निकोला व्हिफिन यांच्या गटाच्या शोधनिबंधात असे ११५ रुग्ण नोंदवलेले आहेत, आणि त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक जणांत नेमक्या एकाच जागी एकच अक्षर जास्तीचे आलेले आहे. हा बदल बहुतेक वेळा आईवडिलांत नसतो. तो मुलात नव्याने घडलेला असतो. विकासात्मक विकार असलेल्या रुग्णांपैकी सुमारे ०.४ टक्के रुग्णांचे निदान या एका लहानशा जनुकाने होऊ शकते, असा त्यांचा अंदाज आहे. आकडा किरकोळ वाटेल, पण हजारो जनुकांपैकी बहुतेकांच्या वाट्याला याहून कितीतरी कमी रुग्ण येतात. त्यानंतर २०२५ मध्ये आरएनयू२-२ या जनुकाचीही अशीच कथा पुढे आली, आणि ते तर तोवर निकामी झालेली जनुकप्रत म्हणून नोंदले गेले होते.

मला या शोधाचे मोल त्याच्या वैज्ञानिक नावीन्याइतकेच आणखी एका कारणासाठी वाटते. ज्या मुलांचे निदान यातून झाले त्यांतील अनेकांचे जीनोम आधीच वाचून संगणकात साठवलेले होते. नवे रक्त घ्यावे लागले नाही, फक्त जुन्या माहितीकडे नव्या दृष्टीने पाहावे लागले. म्हणून ज्यांच्या अहवालात ‘कारण सापडले नाही’ असे लिहिलेले असते त्यांना मी आवर्जून सांगते की, त्या वाक्याचा अर्थ ‘जनुकीय कारण नाही’ असा घेऊ नका. अहवाल लिहिला त्या दिवशी जेवढे ज्ञान होते तेवढ्यापुरतेच ते वाक्य खरे असते. केवळ एक्झोम चाचणी झाली होती की संपूर्ण जीनोम वाचला होता हे विचारून ठेवा, मूळ विदा (डेटा) जपली जाते का ते विचारा, आणि दोनतीन वर्षांनी पुनर्विश्लेषणाची मागणी करा. अशी मागणी करणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे, आणि प्रयोगशाळांनी तिची वाट न पाहता पुनर्विश्लेषण स्वतःहून करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता दुसरी अडचण. कोणाही व्यक्तीचा जीनोम संदर्भ जीनोमशी, म्हणजे तुलनेसाठी प्रमाण मानलेल्या जीनोमशी, ताडून पाहिला, तर चाळीस ते पन्नास लाख ठिकाणी फरक आढळतो, आणि त्यांतले बहुतेक फरक निरुपद्रवी असतात. एखादा बदल आजाराच्या जनुकात सापडला, पण तो आजाराचे कारण आहे की नाही हे सांगायला पुरावाच नसेल, तर अहवालात ‘अनिश्चित महत्त्वाचा बदल’ अशी नोंद करावी लागते. ही नोंद हाती पडलेल्या कुटुंबाला फार अवघड जाते, कारण तिच्यावरून काही ठरवताही येत नाही आणि ती विसरताही येत नाही. ही अनिश्चितता कमी करणे हेच आजच्या जनुकशास्त्राचे सर्वांत निकडीचे काम आहे, असे मी मानते.

त्यासाठी एक मार्ग संगणकाचा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या अल्फामिसेन्स या प्रणालीने, प्रथिनातील एक अमिनो आम्ल बदलणाऱ्या ७ कोटी १० लाख संभाव्य बदलांचा अंदाज वर्तवला आणि त्यांपैकी ८९ टक्क्यांना ‘बहुधा निरुपद्रवी’ किंवा ‘बहुधा घातक’ अशा वर्गांत टाकले. माणसांनी तपासून निश्चित केलेले बदल तोवर त्यांच्या ०.१ टक्क्याच्या आसपास होते. उपयोग मोठा आहे, परंतु अंदाज हा अंदाजच असतो आणि एकट्या अंदाजावर शस्त्रक्रियेचा निर्णय घेता येत नाही. मला अधिक भरवसा वाटतो तो प्रत्यक्ष प्रयोगांचा. जनुकशास्त्रज्ञ जे शेंड्युर यांच्या प्रयोगशाळेशी संबंधित गटाने २०१८ मध्ये, स्तनाच्या व अंडाशयाच्या कर्करोगाशी निगडित असलेल्या बीआरसीए१ या जनुकाच्या तेरा महत्त्वाच्या खंडांतील जवळजवळ प्रत्येक अक्षर एकेक करून बदलले, तेही अशा पेशींत की ज्या हे जनुक चालू असल्याशिवाय जगूच शकत नाहीत. कोणत्या बदलानंतर पेशी टिकल्या आणि कोणत्या बदलानंतर मेल्या हे मोजून जवळपास ३,९०० बदलांचा निवाडा एकाच वेळी हाती आला, आणि त्यांत अजून एकाही रुग्णात न दिसलेल्या बदलांचाही समावेश होता. उद्या असा बदल घेऊन एखादी स्त्री आली, तर तिला उत्तर देण्याजोगा पुरावा आधीच तयार आहे. हे काम संथ आहे, एकेका जनुकासाठी करावे लागते, आणि त्याला प्रसिद्धीही फारशी मिळत नाही.

तिसरी गोष्ट मी थोडक्यात सांगते, जरी ती मला सर्वांत अस्वस्थ करणारी आहे. आपण ज्या जीनोमशी सगळ्यांची तुलना करतो, त्या २०२३ पूर्वीच्या संदर्भ जीनोमचा सुमारे ७० टक्के भाग एकाच व्यक्तीकडून आलेला होता, आणि मोठमोठ्या अभ्यासांत युरोपीय वंशाचे लोकच प्रामुख्याने घेतले गेले. उंचीचा २०२२ मधील अभ्यास ५४ लाख लोकांवर झाला आणि त्यात उंचीशी निगडित १२,१११ बदल सापडले. पण त्यांच्या आधारे युरोपीय वंशाच्या लोकांतील उंचीच्या फरकांपैकी सुमारे ४० टक्के फरकांचे स्पष्टीकरण मिळते, तर इतर वंशांत ते १० ते २० टक्क्यांवरच थांबते. उंचीच्या बाबतीत एकवेळ चालेल, परंतु हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आनुवंशिक आजाराबाबत २०१६ मध्ये असे उघड झाले की, घातक ठरवलेले काही बदल आफ्रिकी वंशाच्या निरोगी लोकांत सर्रास आढळतात आणि त्यामुळे काही रुग्णांना चुकीचे अहवाल गेले होते. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी लोकांत त्या वंशाचे लोक पुरेसे असते, तर हे टळले असते. मे २०२३ मध्ये ४७ व्यक्तींच्या जीनोमवरून बहुविध संदर्भ जीनोमचा पहिला मसुदा आला, त्यात ११ कोटी ९० लाख नवी अक्षरे सापडली, आणि ही योग्य दिशेची सुरुवात आहे.

‘हे सगळे ठीक, पण उपचारांचे काय?’ असा पुढचा प्रश्न येतोच. २००७ मध्ये काही शास्त्रज्ञ निरोगी प्रौढांच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन (जे पुढेही बनत राहिले तर सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा त्रास कमी होतो) कमीजास्त का असते याचा शोध घेत होते, आणि त्यांना बीसीएल११ए या जनुकातील एका भागाकडे बोट दाखवणारे बदल सापडले. पुढच्याच वर्षी विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने दाखवले की हे जनुक ते हिमोग्लोबिन बनणे थांबवते, आणि २०१३ मध्ये कळले की लाल रक्तपेशींत त्याला चालना देणारा एक स्वतंत्र तुकडा आहे, जो प्रथिन घडवणाऱ्या भागात नाही. नेमका तोच तुकडा क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या तंत्राने निकामी करणारा सिकल सेलवरचा उपचार ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबरमध्ये मंजूर केला. तो सोपा नाही. रुग्णाच्या रक्त घडवणाऱ्या मूळ पेशी (स्टेम सेल) बाहेर काढाव्या लागतात आणि त्या परत देण्याआधी तीव्र केमोथेरपी सोसावी लागते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेत एका तान्ह्या बाळाच्या यकृतातील एकच चुकीचे अक्षर दुरुस्त करण्यासाठी, केवळ त्याच्यासाठी सुमारे सहा महिन्यांत तयार केलेले औषध शिरेतून देण्यात आले. शिरेतून दिलेली सूक्ष्म मेदकणांतली औषधे आपोआप यकृतात जाऊन साठतात म्हणून तिथे हे शक्य झाले. मेंदूतल्या पेशींपर्यंत अशी दुरुस्ती सुरक्षितपणे पोहोचवण्याची पद्धत अजून रुग्णांसाठी उपलब्ध नाही, आणि आरएनयू४-२ च्या मुलांना आज निदान देता येते, पण मूळ कारणावरचे औषध देता येत नाही. त्यांच्या पालकांना आता एकमेकांना शोधता येते, पुढच्या अपत्याबाबतची शक्यता नीट समजून घेता येते, आणि चाचणीमागून चाचणी करत राहण्याची गरज उरत नाही.