वसुली

वॉशिंग मशीनची जाळी कशी काढायची ते बघायला मी यूट्यूब उघडलं होतं. दुपारचे अडीच, मशीन पोटात पाणी धरून बसलेलं, आत नवऱ्याच्या दोन जीन्स आणि आईच्या गाऊनचा गोळा. व्हिडिओतला भाऊ जाळी सोडून बाकी सगळ्या विषयांवर बोलत होता. आणि त्याच्या खाली, सुचवलेल्या व्हिडिओंत तिसऱ्या नंबरला, तो पिक्चर. अख्खा. दोन तास चौतीस मिनिटं. फुकट.

नाव सांगणार नाही. सांगितलं की कुणीतरी येणारच, "अहो, पण गाणी चांगली होती त्यातली" म्हणत, आणि जवळजवळ चाळीस वर्षं नीट सांभाळलेला राग मला असा गाण्यांच्या भावात विकायचा नाही. एवढंच सांगते की नट मोठा होता, डबल रोल होता, आणि त्यात एक आंधळी आई होती, जी वीस वर्षांपूर्वी हरवलेल्या मुलाला त्याच्या खोकल्यावरून ओळखते.

खोकल्यावरून. मुलगा हरवला तेव्हा पाच वर्षांचा होता.

आमच्या घरात पिक्चर अर्धा टाकून उठायची पद्धत नव्हती. बाबा मस्जिद बंदरला एका पेढीवर हिशेब लिहायचे. तिकीट काढलं म्हणजे त्यांच्या लेखी वहीत नोंद पडली, आणि पडलेली नोंद खोडायची नसते, वसूल करायची असते. आम्ही नायगावातून चालत जायचो. कधी हिंदमाताला, कधी चित्राला, मराठी असला तर लालबागला भारतमाताला. खिडकीवर हाउसफुल्लची पाटी दिसली की बाबा पाच मिनिटं मुकाट उभे राहायचे. मग कोपऱ्यावर "पाच का दस, पाच का दस" असं पुटपुटणाऱ्या माणसाकडे न बघितल्यासारखं करायचे. आणि मग बघायचे. ब्लॅकचं तिकीट म्हणजे वसुलीही दुप्पट आली.

ती वसुली परतीच्या वाटेवर चालायची. पिक्चर जितका भिकार तितकी कसून.

"पंखे जोरात होते," बाबा सुरुवात करायचे. "दोन रुपये धर."

"वडा गरम होता."

"वड्याचे आपण वेगळे दिले होते, बाबा."

"दिले. पण गरम होता ना? आठ आणे."

हिरोइनच्या काकाचं काम करणारा म्हातारा बरा बोलला, एक रुपया. काश्मीर दाखवलं, तिथं प्रत्यक्ष जायचं तर किती खर्च आला असता, त्याचे दीड. पुढच्या रांगेतला माणूस बुटका होता, चार आणे. व्हिलनच्या अड्ड्यातले लुकलुकणारे दिवे मला आवडले होते, ते माझ्या खात्यावर, पण बाबा तेही जमेला धरायचे. भोईवाड्याचं वळण येईपर्यंत बेरीज तिकिटाच्या जवळपास आलेली असायची. नाहीच आली तर बाबा थांबून हात झटकायचे. "सोड. उरलेले बुडीत खाती."

चांगल्या पिक्चरनंतर हे काही नसायचं. चांगला पिक्चर पाहून आम्ही नुसते घरी यायचो. म्हणून की काय, बाबांबरोबर पाहिलेल्या चांगल्या पिक्चरांपैकी मला एकही धड आठवत नाही आणि भिकार तेवढे संवादांसकट पाठ आहेत. 'शोले' त्यांनी मिनर्व्हाला पाहिला होता, १९७५ला लागला तेव्हा, आईबरोबर, नव्या लग्नात. पुढे तो त्याच थिएटरात पाच वर्षांवर चालला. मी मोठी झाल्यावर विचारलं, कसा वाटला होता हो? बाबा म्हणाले, "चांगला होता." झालं. संपला विषय. हिरोइनच्या काकावर ते पाऊण मैल बोलू शकायचे.

(चाळीत टीव्ही होता तो तिसऱ्या खोलीतल्या काकूंकडे. शनिवारी मराठी पिक्चर, रविवारी हिंदी. तिथं वसुलीचा प्रश्न नव्हता, फुकट होतं. पण उठायची सोयही नव्हती, कारण तुमच्या मांडीवर कुणाचं तरी पोर असायचं आणि तुमची वेणी कुणाच्या तरी गुडघ्याखाली. मध्येच 'व्यत्यय'ची पाटी यायची. एकदा एक फारच रडका पिक्चर संपल्यावर काकू म्हणाल्या होत्या, त्यातल्या त्यात व्यत्यय चांगला होता.)

तर हे असं अंगात मुरलेलं. नवऱ्याला हे समजत नाही. तो दहाव्या मिनिटाला "उठूया का?" विचारतो, मी "बस" म्हणते, मग तो झोपतो. २००७च्या पावसाळ्यात, ऑगस्ट संपता संपता, 'शोले' नव्याने करायचा म्हणून केलेला 'राम गोपाल वर्मा की आग' आला, तेव्हा पेपरपासून ऑफिसातल्या शिपायापर्यंत सगळ्यांनी सांगून झालं होतं, जाऊ नका. मी गेले. लोअर परळला, गिरणी गेली आणि मॉल आला त्या जागी. ज्या अमिताभला आमच्या आईने जय म्हणून मरताना पाहून दोन दिवस जेवण सोडलं होतं (असं ती म्हणते), तोच आता गब्बरच्या जागी, बब्बन होऊन. बसंतीचा टांगा जाऊन रिक्षा आलेली. मुंबईकरांना रिक्षावालीची बडबड ऐकायला पैसे द्यायला लावायचे म्हणजे धाडसच. आणि मूळ सिनेमात ठाकूरचे दोन्ही हात जातात, इथं मोहनलालची नुसती बोटं. मंदी सगळीकडेच असते. मी मनातल्या मनात वही उघडली. एसी. खुर्ची मागे झुकते. नवऱ्याची सव्वादोन तासांची अखंड झोप, जी घरी त्याला लागत नाही. बाहेर आलो तेव्हा जमेची बाजू बरी होती, पण सांगणार कुणाला? नवरा म्हणाला, "चांगला होता का?"

माझ्या मुलीची पिढी वेगळी असेल असं वाटलं होतं. नाही आवडलं तर बंद करतात, पुढचं लावतात. पण २०१९च्या मे महिन्यात ही बया, जिला सातच्या शाळेसाठी कधी पाणी मारल्याशिवाय उठवता आलं नाही, ती सोमवारी सकाळी साडेसहाला आपणहून लॅपटॉप उघडून बसलेली. 'गेम ऑफ थ्रोन्स'चा शेवटचा भाग. आठ वर्षं चाललेली मालिका, त्यातली शेवटची चार हिने पाहिलेली. आठ वाजता बघते तर चेहरा असा, की मला वाटलं कॉलेजात काही झालं. शेवटचा अख्खा सीझन नव्याने करा म्हणून जगभरातल्या दहा लाखांहून जास्त लोकांनी अर्जावर सह्या केल्या, त्यात आमचीही एक. त्याच सीझनमध्ये राजवाड्यातल्या मेजवानीच्या टेबलावर शूटिंगवाल्यांचा कॉफीचा कप राहून गेला होता. तो तिने मला चार वेळा थांबवून दाखवला. डोळे चमकत होते. मी ओळखलं, वसुली सुरू झाली.

आईने तो कप बघितला आणि म्हणाली, "एवढंच? आमच्याकडे अख्खी बाई बदलतात."

आईबद्दल काय बोलावं. 'चार दिवस सासूचे' नावात चार दिवस म्हणत तीन हजारांहून जास्त भाग चालली, २००१ ते २०१३. तेवढ्यात माझी मुलगी बालवाडीतून दहावीच्या तोंडाशी आली. 'होणार सून मी ह्या घरची'मधली जान्हवी बाळंत होईना तेव्हा व्हॉट्सअॅपवर हत्तिणीपासूनचे विनोद फिरले, आणि आईने ते सगळे नाक मुरडत मला पुढे पाठवले. हल्लीची जी आहे ती सात वाजता लागते. सात ते साडेसात आई तिला शिव्या घालते. साडेसातला पाणी पिते. मी एकदा म्हटलं, नको तर बघू नकोस ना. तर म्हणाली, "मी बघत नाही गं. लक्ष ठेवते."

मालिका बंद झाली की मात्र आठवडाभर तिचं जेवणात मन नसतं. सात वाजता खुर्चीत येऊन बसते आणि रिमोट हातात घेऊन नुसतीच.

आता तो पिक्चर.

१९८७चा मे. शाळेला सुट्टी. आजी, म्हणजे बाबांची आई, पाच-सहा महिने खाटेवर होती. आमची एकच खोली, खाट खिडकीशी, बाकी सगळं खाटेच्या हिशेबाने. आईच आम्हाला म्हणाली, जा तुम्ही दोघं, पोरगी किती दिवस कोंडलीय, मी आहे इथं. ब्लॅकचं तिकीट निघालं. सुरुवातीलाच जत्रा, मूल हरवलं, आई आंधळी, सगळं पंधरा मिनिटांत. बाबा वाकून माझ्या कानात म्हणाले, "जत्रेचा पाळणा चांगला. एक रुपया." म्हणजे त्यांनाही कळलं होतं की आज कठीण आहे, आतापासूनच जमवायला हवं.

इंटरव्हल झालं. तो खोकला आला. नट देवळाच्या पायरीवर खोकतो, आंधळी बाई थबकते, आभाळाकडे तोंड करते. "ये खाँसी..." बाबा हसायला लागले. मोठ्याने हसणारा माणूस नव्हता तो, खांदे हलवून हसायचा, मला खुर्चीचा दांडा हलताना कळायचं. मागचा कुणीतरी म्हणाला, "डॉक्टर को दिखाओ." अख्खा स्टॉल फुटला. आणि त्या हसण्यात पडद्यावर खालच्या कोपऱ्यात, काचेवर हाताने लिहिलेली पाटी उमटली. तशा पाट्या तेव्हा यायच्या, कुणाचं बाहेर बोलावणं आलं की. अक्षर तिरकं. त्या बाईच्या हनुवटीवर बाबांचं नाव, आडनावासकट, आडनावातला ऱ्हस्व दीर्घ केलेला. बाहेर बोलावलं आहे.

मला आधी आनंद झाला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं, सुटलो.

दारात शेजारचा मुलगा सायकल धरून उभा होता. त्याने बाबांना काहीतरी सांगितलं आणि माझ्याकडे बघून गप्प झाला. बाहेर ऊन इतकं होतं की मला काही दिसेना. आम्ही चालायला लागलो. बाबा बोलत नव्हते. भोईवाड्याच्या वळणावर मीच, वळण आलं म्हणून, सवयीने म्हटलं, "पंखे बरे होते ना?"

बाबांनी माझं मनगट धरलं आणि चाल वाढवली.

त्यानंतर आम्ही पुष्कळ भिकार पिक्चर पाहिले. वसुली झाली, बुडीत खातं झालं. त्या एकाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. बाबा गेले त्यालाही आता नऊ वर्षं झाली. चित्रा २०१९ला बंद पडलं. आणि हा इथं, जाळीच्या खाली, पूर्ण.

मी सरळ इंटरव्हलच्या पुढे नेला. रंग उडालेले, वर कुठल्यातरी कॅसेट कंपनीचा शिक्का. आई आतून आली. "माझा गाऊन निघाला का?"

"नाही अजून."

"हा कुठला?"

"हा तो. आजी गेली त्या दिवशीचा."

"असं होय," म्हणत ती खुर्ची ओढून बसली. चष्मा कपाळावरून खाली घेतला. "बरा होता का?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. म्हटलं, "अर्धाच पाहिला ना आम्ही."

"मग लाव की."

नट पायरीवर आला. खोकला. बाई थबकली. मी आईकडे बघितलं, ती हसेल म्हणून.

"खोकल्यावरून?" आई म्हणाली. मग थोडा वेळ काहीच नाही. "तुम्ही दोघं पिक्चरला गेल्यावर तुझ्या आजीने पाणी मागितलं. पाजलं. तर मला म्हणते, तू कुणाची गं? तेरा वर्षं एका खोलीत होतो आम्ही."

"तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं त्यात. कुणाची, ते सांगितलं तिला."

पडद्यावर ती बाई मुलाच्या तोंडावरून हात फिरवत रडत होती. इथून पुढचं मी पाहिलेलं नव्हतं. वाईटच निघालं.